आधी ब्रेक शिका: मोटर रेसिंगची पहिली पायरी

22 जुलै 1894 रोजी फ्रान्समध्ये पॅरिस ते रुआँ अशी बिनघोड्याच्या गाड्यांची स्पर्धा झाली. अंतर 126 किलोमीटर. काउंट द दियाँ यांची वाफेवरची गाडी सगळ्यांच्या आधी पोचली आणि पहिलं बक्षीस मिळालं मागून आलेल्या प्यूजो आणि पानार-लव्हासोर यांच्या पेट्रोल गाड्यांना, तेही विभागून. दियाँच्या गाडीची भट्टी पेटती ठेवायला वेगळा माणूस लागायचा आणि परीक्षकांना हवी होती एकट्याला सहज चालवता येईल अशी गाडी. पुढे 130 वर्षांनी, जुलै 2024 मध्ये, बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर जॉर्ज रसेल यांनी फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली, पोडियमवर करंडकही उचलला. मग गाडीचं वजन झालं. 798 किलोच्या किमान मर्यादेपेक्षा ती दीड किलो हलकी भरली आणि रसेल निकालातून बाद झाले.

नवीन माणूस या खेळात येतो तो एकच गोष्ट डोक्यात धरून: जो जास्त जोरात पाय दाबेल तो जिंकेल. अ‍ॅक्सिलरेटर दाबणं हे रेसिंगमधलं सगळ्यात सोपं काम आहे. सरळ पट्ट्यावर सगळेच पूर्ण दाबतात, तिथे नवखा आणि विजेता यांच्यात फारसा फरक नसतो. फरक पडतो तो पट्टा संपतो तिथे. वेग कुठे सोडायचा, किती सोडायचा आणि पुन्हा कधी धरायचा, यातच हा खेळ आहे. म्हणून इथे सुरुवात ब्रेकपासून.

सुरुवात कुठे करायची

एक ठिकाण पहिल्यांदाच बाद करू: सार्वजनिक रस्ता. घाट असो, एक्स्प्रेसवे असो किंवा पहाटेचा रिकामा रिंगरोड, मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर कैद एक वर्षापर्यंत जाते. शिवाय रस्त्यावर चूक झाली तर पुढे टायरची भिंत नसते, समोरून येणारा टेंपो असतो. आणि तिथे काही शिकताही येत नाही. एकच वळण तीस वेळा, त्याच वेगात, कुणी आडवं न येता घ्यायला मिळालं तर हात बसतो. ते फक्त ट्रॅकवर मिळतं.

त्यासाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक गाडी म्हणजे कार्ट. 1956 मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी पाइपांच्या सांगाड्यावर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून पहिली कार्ट केली. सेना, शूमाकर, हॅमिल्टन, वर्स्टापेन हे फॉर्म्युला वनचे जगज्जेते सगळे कार्टमधूनच वर गेले. मुंबईचे जेहान दारूवाला हेही त्याच वाटेने गेले. डिसेंबर 2020 मध्ये बहारीनमध्ये फॉर्म्युला 2 ची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची, शर्यत जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले.

भाड्याच्या कार्टला बहुधा 200 किंवा 270 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन असतं, ताकद साधारण साडेसहा ते नऊ हॉर्सपॉवर. गिअर नाही, सस्पेन्शन नाही, हॉर्न नाही, आरसेही नाहीत. हॉर्नशिवाय गाडी चालवणं हा आपल्याकडच्या माणसाला पहिला धक्का असतो, पण दुसऱ्या लॅपपर्यंत, म्हणजे ट्रॅकच्या दुसऱ्या फेरीपर्यंत, त्याची आठवणही राहत नाही. सीट जमिनीपासून दोन बोटं वर असल्यामुळे ताशी 50 किलोमीटरचा वेगही शंभरसारखा वाटतो. ही भावना पहिल्या दिवशी पुरेपूर घ्या, तिची मजा निराळी आहे. फक्त तिच्यावर विश्वास ठेवू नका. वेग किती होता ते लॅप टाइमच सांगेल.

अंगावर काय, बसायचं कसं

पायात पातळ तळव्याचे, घट्ट बांधलेले बूट हवेत. चप्पल, सँडल चालत नाहीत आणि जाड तळव्याच्या ट्रेकिंग बुटांत पेडल किती दाबलं ते कळत नाही. लेस आत खोचा. ओढणी, स्कार्फ, लोंबणारी हुडीची दोरी, मोकळे केस यांपैकी काहीही बाहेर नको. मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी सळई, तुमच्या पाठीमागे उघडाच फिरत असतो आणि कापड किंवा केस त्यात गुंडाळले गेले तर ते थांबवायला वेळ मिळत नाही. लांब केसांचा अंबाडा बांधून तो हेल्मेटखालच्या सुती टोपीत घ्या आणि कॉलरच्या आत दाबा. हे काम ट्रॅकवाल्याने बघायला हवंच, पण तुम्ही स्वतःही बघा.

हेल्मेट घातल्यावर पट्टा बांधा आणि दोन्ही हातांनी ते डावीउजवीकडे फिरवा. गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर माप बरोबर. हेल्मेट फिरलं आणि गाल जागेवरच राहिले तर एक माप लहान मागा. हातमोजे घ्याच, नाहीतर दहा मिनिटांत अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो. नेहमी जायचं ठरलं तर पहिली खरेदी बरगड्यांच्या जॅकेटची करा. कार्टिंगमध्ये सगळ्यात जास्त दुखतात त्या बरगड्या, कारण वळणात अख्खं शरीर सीटच्या कडेवर दाबलं जातं आणि खालून प्रत्येक खड्डा तिथेच पोचतो.

सीट बेल्ट शोधू नका. सर्किटवरच्या शर्यतीच्या कार्टला तो नसतोच. डोक्यावर रोल केज म्हणजे संरक्षक पिंजरा नसलेली गाडी उलटली तर माणूस तिच्याखाली बांधलेला राहण्यापेक्षा बाहेर फेकला गेलेला बरा, असा त्यामागचा हिशेब आहे. भाड्याच्या काही कार्टना संरक्षक दांडा आणि बेल्ट दोन्ही असतात. तसं असेल तर बेल्ट बांधायचा, त्यात चर्चा नाही.

बसताना सीटच्या मधोमध पाय ठेवून आत उतरा. बाजूला इंजिन आणि सायलेन्सर असतात, मागच्या फेरीतून नुकतेच आलेले, त्यांवर हात टेकलात तर भाजतं. ब्रेक पूर्ण दाबला तरी डावा गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. पाय ताठ झाला तर पेडल पुढे घ्या किंवा पाठीमागे उशी मागा. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर, कोपरं किंचित वाकलेली. वळणात हात एकमेकांवरून ओलांडायचे नाहीत. स्टिअरिंग आवळू नका. मुठी आवळल्या की पाचव्या लॅपनंतर मनगटापासून कोपरापर्यंत हात दगड होतो आणि मग वळण घ्यायला ताकद उरत नाही. सरळ पट्टा आला की बोटं सैल सोडा आणि एक पूर्ण श्वास घ्या. पुष्कळ लोक पूर्ण लॅपभर श्वास रोखून बसतात.

पाय दोन, कामं दोन: उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर, डावा ब्रेकवर. दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. या कार्टमध्ये सेंट्रिफ्युगल क्लच असतो. इंजिनाचा वेग वाढला की तो आपोआप पकडतो आणि ब्रेकने चाकं अडवून वरून अ‍ॅक्सिलरेटर दिला तर तो घासून जळतो. क्लचच्या जळक्या लायनरचा वास आला की समजा, कुणाचा तरी डावा पाय ब्रेकवर टेकून राहिलाय. आपला असू शकतो.

मागचा अ‍ॅक्सल समजून घ्या, बाकी सगळं त्यातून निघतं

मोटारीला डिफरेन्शियल असतो, त्यामुळे वळताना दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात. कार्टला तो नाही. मागची दोन्ही चाकं एकाच सळईवर घट्ट बसवलेली असतात. दोन्ही चाकांच्या मध्यांतलं अंतर 1.1 मीटर धरा. पूर्ण यू-टर्न घेताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा साडेतीन मीटर जास्त जायचं असतं, पण दोघं फिरतात सारखेच. मग दोन्ही चाकं जमिनीवर दाबून राहिली तर कार्टला वळायचंच नसतं. ती नाक सरळ ठेवून बाहेर ढकलली जाते आणि इंजिन घुसमटतं.

यावरचा उपाय कार्टच्या पुढच्या भागातच बसवलेला आहे. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं तिरक्या खिळ्यावर फिरतात, आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, बाहेरचं वर जातं, सांगाडा पिळला जातो आणि आतलं मागचं चाक जमिनीवरून सुटतं. फार नाही, कधी कागद जाईल इतकंच. पण तेवढ्याने कार्ट तीन चाकांवर येते आणि सहज वळते. शर्यतीच्या कार्टचे फोटो नीट पाहिलेत तर हे सुटलेलं चाक दिसतं.

याचा अर्थ चालवताना असा: वळणाच्या तोंडाशी स्टिअरिंग ठामपणे फिरवायचं, म्हणजे ते चाक उचललं जाईल. भीत भीत, थोडं थोडं फिरवलं तर ते जमिनीला चिकटून राहतं. उलट, चाक उचललं गेल्यावर वळणाच्या मध्यापासून स्टिअरिंग हळूहळू सोडत आणायचं, म्हणजे ते वेळेत खाली येईल आणि दोन्ही चाकं मिळून पुढे ढकलतील. वळणाच्या शेवटीही स्टिअरिंग पिळलेलंच ठेवणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी सवय. इंजिन भाड्याचं असो की हजारो रुपयांचं, वळलेली पुढची चाकं तुमचा वेग खातात.

ब्रेक

भाड्याच्या कार्टला ब्रेक फक्त मागे असतो, त्याच अ‍ॅक्सलवर. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं. एसटी कचकन थांबली की उभे प्रवासी ड्रायव्हरकडे झुकतात, तसंच. मागची चाकं हलकी होतात, आणि ब्रेक नेमका तिथेच आहे. त्यात स्टिअरिंग वळलेलं असेल तर मागचा भाग पुढे यायला बघतो आणि कार्ट स्वतःभोवती गिरकी घेते. म्हणून पहिला नियम: ब्रेक सरळ रेषेत. पुढची चाकं सरळ असताना एकदा, जोराने, चाकं लॉक होण्याच्या अगदी अलीकडेपर्यंत दाबायचा. मग वळायला सुरुवात करताना पायाखालचं पेडल सावकाश वर येऊ द्यायचं.

आकडे पाहिले की हे अंगात भिनतं. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर. पाय एक-दशांश सेकंद उशिरा गेला तर तुम्ही 1.7 मीटर पुढे, म्हणजे जवळजवळ एक कार्टभर पुढे पोचलेले असता. 60 वरून 30 वर यायला चांगल्या कोरड्या ट्रॅकवरही 20 मीटरच्या आसपास जागा लागते. म्हणून ब्रेकची जागा डोळ्याने हेरून ठेवायची: डांबरातला जोड, कडेच्या टायरांपैकी रंग वेगळा असलेला टायर, रबराचे काळे ओरखडे जिथे सुरू होतात ती रेघ. सावली किंवा झेंडे घेऊन उभा असलेला मार्शल निवडू नका, दोन्ही जागा सोडतात.

पहिल्या दोन लॅपमध्ये मुद्दाम लवकर ब्रेक लावा. वळणात शिरल्यावर वेग कमी वाटला तर पुढच्या लॅपला ब्रेकची जागा एक मीटर पुढे न्या. असं करत करत एका लॅपला वळण हातून निसटतं, तिथून एक मीटर मागे या. ती तुमची आजची जागा. उद्या ऊन वेगळं असेल, टायर वेगळे असतील, जागा पुन्हा शोधावी लागेल.

लाइन

वळणातून गाडी ज्या मार्गाने न्यायची ती लाइन. कागदावर काटकोनातलं वळण काढा. ट्रॅक आठ मीटर रुंद, वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या दहा मीटर. ट्रॅकच्या मधोमध राहून गेलात तर त्रिज्या 14 मीटर मिळते. आता बाहेरच्या कडेवरून सुरुवात करा, मध्यावर आतल्या कडेला चाक टेकवा आणि पुन्हा बाहेरच्या कडेला जा. कार्टची रुंदी वजा करूनही त्रिज्या 33 मीटरच्या आसपास येते. टायरची बाजूची पकड वजनाइतकी धरली तर 14 मीटरच्या वळणात ताशी 42 किलोमीटर टिकतात आणि 33 मीटरच्या वळणात 65. तीच कार्ट, तेच टायर, तोच चालक. आठ मीटर रुंदीचे पैसे भरलेत तर आठही मीटर वापरा.

आतल्या कडेला जिथे चाक टेकतं त्या बिंदूला एपेक्स म्हणतात. कागदावर तो बरोबर मध्यात येतो. प्रत्यक्षात, पुढे लांब सरळ पट्टा असेल तर एपेक्स थोडा उशिरा घ्या, म्हणजे वळणाचा मध्य ओलांडून. त्यासाठी थोडं जास्त हळू व्हावं लागतं, वळायला थोडं थांबावं लागतं. पण एपेक्सला पोचेपर्यंत नाक पट्ट्याकडे झालेलं असतं आणि अ‍ॅक्सिलरेटर लवकर, पूर्ण देता येतो. 100 मीटरचा पट्टा सरासरी 50 ने काढला तर 7.2 सेकंद, 53 ने काढला तर 6.8. चार-दशांश सेकंदांचा हा फरक पट्ट्यावर दिसतो, पण कमावला जातो त्याच्या आधीच्या वळणात. म्हणून ट्रॅकवर चालत एक चक्कर मारा, सगळ्यात लांब पट्टा शोधा आणि त्याच्या आधीच्या वळणावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. दोन वळणं एकापाठोपाठ असतील तर पहिल्याचा बळी देऊन दुसरं नीट घ्यायचं.

डोळे पुढच्या टप्प्यावर हवेत. ब्रेक लावताना नजर एपेक्सवर, एपेक्सला पोचायच्या आधी बाहेर पडायच्या कडेवर. नाकापुढचं डांबर बघत चालवणाऱ्याचे हात सतत दुरुस्त्या करत राहतात. आणि कडेच्या टायरभिंतीकडे बघू नका. माणूस बघतो तिकडेच जातो, हे सायकल शिकताना विजेच्या खांबाने सगळ्यांना शिकवलेलं असतंच.

बिघडतं काय आणि का

कार्ट वळत नाही, नाक बाहेर जातंय: बहुतेक वेळा तुम्ही वेगात शिरलात किंवा स्टिअरिंग भीत भीत फिरवलंत. अशा वेळी माणूस स्टिअरिंग आणखी पिळतो, त्याने पुढचे टायर आणखी घसरतात. किंचित परत सोडा, टायर पकड धरतील, मग पुन्हा वळवा.

मागचा भाग बाहेर निसटतोय: वळता वळता ब्रेक लावलात, किंवा अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडलात. मागचा भाग ज्या बाजूला जातोय त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवा, थोडंच, आणि कार्ट सरळ होताना ते लगेच परत आणा. परत आणायला उशीर झाला की कार्ट उलट दिशेला फेकली जाते.

गिरकी बसलीच तर: ब्रेक पूर्ण दाबून धरा, म्हणजे कार्ट मागे घरंगळत ट्रॅकवर जाणार नाही आणि मागच्यांना तुम्ही कुठे थांबणार ते कळेल. एक हात वर करा. आतच बसून राहा. उतरून कार्ट ढकलायला जाणं हा या खेळातला सगळ्यात धोकादायक चांगुलपणा आहे. मार्शल येईपर्यंत थांबा.

वळणातून बाहेर पडताना इंजिन गुरगुरतं पण कार्ट उचलत नाही: वेग जास्तच खाली आला, किंवा स्टिअरिंग अजून पिळलेलं आहे. पुष्कळ जण अशा वेळी इंजिनाला दोष देऊन दुसरी कार्ट मागतात. आधी हात बघा.

तीन-चार लॅप छान गेले, मग घसरू लागलं: टायर तापले. ते तुमच्या कार्ट आडवी घासत चालवण्याने तापलेले असतात. आडवी घसरलेली कार्ट दिसायला धडाकेबाज दिसते आणि हळू असते. एक लॅप शांतपणे चालवा, पकड परत येते.

स्वतःची कार्ट घेतल्यावर टायरची हवा ही पहिली किल्ली. कोरड्या ट्रॅकच्या स्लिक, म्हणजे नक्षी नसलेल्या, टायरना थंड असताना साधारण 10 ते 12 पीएसआय ही बऱ्याच ठिकाणची सुरुवात असते, तरी टायर बनवणाऱ्याचा आकडा प्रमाण. हवा जास्त भरली तर टायर लवकर गरम होतो आणि लवकर दमतो, कमी भरली तर पकड यायलाच दोन-चार लॅप लागतात. एका वेळी एकच पीएसआय बदला आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. हवा, स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चक्र) आणि सीट एकाच दिवशी बदलणाऱ्याला शेवटी काहीच कळत नाही. शर्यतीच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. रोटॅक्स मॅक्स या इंजिनाला दोन टक्के, म्हणजे पाच लिटरला 100 मिली. मापाच्या भांड्याने मोजा. अंदाजाने ओतलेलं ऑइल कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो.

पाऊस आला तर कोरड्यातली लाइन विसरा. त्या लाइनवर रबर बसलेलं असतं आणि ते ओलं झालं की गुळगुळीत होतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे एरवी कुणी जात नाही तिथल्या खडबडीत डांबरावर जास्त पकड असते. ब्रेक बराच आधी, हलक्या पायाने.

झेंडे

ट्रॅकवर बोलायला हॉर्न नाही म्हणून झेंडे आहेत, आणि ते पाळणं ही पहिली लायकी. पिवळा हलतोय म्हणजे पुढे धोका आहे: हळू व्हा, ओव्हरटेक बंद. दोन पिवळे एकदम म्हणजे रस्ता अडलेला असू शकतो, थांबायची तयारी ठेवा. हिरवा म्हणजे मोकळं. लाल म्हणजे सत्र थांबवलंय, हळूहळू पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात त्या जागी, या. पिवळ्यावर लाल उभे पट्टे असतील तर पुढे ऑइल किंवा पाणी आहे. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा एक लॅप पुढे असलेला येतोय, त्याला जाऊ द्या. यात अपमान काही नाही, लाइन न सोडता एका पट्ट्यावर त्याला वाट दिली की संपलं. निळ्याकडे काणाडोळा केला तर दंड मिळतो. काळा झेंडा आणि तुमचा नंबर म्हणजे पिटमध्ये बोलावलंय. काळ्यावर नारिंगी गोळा म्हणजे तुमच्या गाडीत काहीतरी लोंबतंय किंवा गळतंय. तिरका अर्धा काळा, अर्धा पांढरा म्हणजे वागणुकीबद्दल शेवटची ताकीद. चौकडीचा झेंडा बघितला की शर्यत संपली. त्यानंतर एक लॅप सावकाश मारून आत यायचं. चौकडीनंतरही जोरात पळणारा दरवेळी एखादा असतोच आणि मार्शल त्याच वेळी ट्रॅकवर उतरलेले असतात.

ओव्हरटेक

मागच्याने पुढच्याला टाळायचं असतं, ही मूळ जबाबदारी. एक-दोन लॅप मागे राहून बघा तो कुठे लवकर ब्रेक लावतो, कोणत्या वळणातून वाकडा बाहेर पडतो. सगळ्यात चांगली जागा म्हणजे लांब पट्ट्याच्या शेवटचं हळू वळण. पट्ट्यावरच आतल्या बाजूला या, शेवटच्या क्षणी नाही. वळायला सुरुवात होताना तुमची पुढची चाकं त्याच्या सीटच्या बरोबरीला असायला हवीत, म्हणजे त्याला तुम्ही दिसता. त्याच्या मागच्या चाकापाशी नाक खुपसलंत तर धक्का तुमचाच धरला जाईल. आतून गेल्यावर लाइन आखूड होते, म्हणून ब्रेक थोडा जास्त लागतो. हे विसरणारा वळणात बाहेर वाहत जातो आणि ज्याला मागे टाकलं तोच आतून परत पुढे जातो. तुम्हाला कुणी असं आतून गाठलं तर घाबरून आत वळून त्याची वाट अडवू नका. त्याला जाऊ द्या, तुम्ही उशिरा वळा, नाक लवकर सरळ करा आणि बाहेर पडताना त्याच्या आतून निघा. दोन चांगल्या चालकांमधली अशी अदलाबदल पाहणं हा या खेळातला सगळ्यात मोठा आनंद आहे.

शर्यतीचा दिवस आणि पुढची वाट

अधिकृत शर्यतीत दिवसाचा क्रम ठरलेला असतो: कागदपत्रांची तपासणी, गाडी आणि साहित्याची तपासणी, चालकांची बैठक, सराव, क्वालिफाइंग (सुरुवातीचा क्रम ठरवणारी फेरी), मग शर्यत. चालकांची बैठक चुकवली तर दंड होतो आणि कधीकधी सुरुवातच मिळत नाही. शर्यत संपल्यावर थेट वजनकाट्यावर जायचं, चालक आणि कार्ट मिळून. घामाने वजन कमी होतं, म्हणून मर्यादेवर दोन किलो राखून शिसं बसवा आणि ते बोल्टने घट्ट करा. वाटेत शिसं गळून पडलं तर रसेल यांच्यासारखीच गत.

भारतात स्पर्धेचा परवाना फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था देते. अर्जाबरोबर डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं आणि अठराच्या आतील मुलांसाठी पालकांची संमती. महाराष्ट्रात कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. कार्टनंतरची मोठी शाळा दक्षिणेत. कोइम्बतूरजवळ 2.1 किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे आहे, रेसर आणि गाड्या घडवणारे एस. करिवर्धन यांच्या नावाचा, आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला 3.7 किलोमीटरचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट. एलजीबी फॉर्म्युला 4 या शर्यतींच्या मालिकेतली एकआसनी गाडी मारुतीच्या 1300 सीसी इंजिनावर चालते आणि तिला पंख नाहीत. त्यामुळे हवेच्या दाबाचा आधार मिळत नाही, टायर आणि ब्रेक यांवरच सगळं चालवावं लागतं. शिकण्यासाठी याहून चांगली गाडी मिळणं अवघड. इथे मात्र कार्टचे कपडे चालत नाहीत. बंद गाडी आणि फॉर्म्युला गाडीत बेल्टने बांधलेलं असताना आग हा मुख्य धोका, म्हणून आग रोखणारा, एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेने प्रमाणित केलेला सूट, तसंच हेल्मेट आणि मान सांभाळणारं हान्स लागतं.

लगेच पैसे घालायचे नसतील तर मार्शल म्हणून नाव द्या. मोटर स्पोर्ट्स क्लब स्वयंसेवक घेतात आणि प्रशिक्षण देतात. वळणाच्या बाहेर, भिंतीमागे उभं राहून दिवसभरात त्याच एका वळणावर शेकडो वेळा ब्रेक लागताना ऐकू येतो. सकाळी सगळे आवाज सारखे वाटतात. दुपारपर्यंत कोण लवकर पाय उचलतो, कोण चाकं लॉक करतो आणि कोण पेडल सावकाश सोडतो ते डोळे मिटूनही ओळखता येतं. पुढच्या वेळी कार्टमध्ये बसाल तेव्हा दहा लॅपचं तिकीट काढा आणि दहाही लॅप फक्त एकाच वळणावर काम करा.